गिरणीच्या दारातले बेकार

मुंबईतल्या बेकारीचा विषय निघाला की बोट आधी 18 जानेवारी 1982 या तारखेकडे जातं. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्या दिवशी संपावर गेले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कधी गिरणीत परतले नाहीत. घाव मोठाच होता. पण गोष्ट तिथून सुरू केली, की त्याआधी गिरणगावात प्रत्येकाच्या हाताला काम होतं असा समज होतो. तो खरा नाही. बेकारी या धंद्याच्या घडणीतच होती, आणि तिचा खर्च मालक सोडून बाकी सगळे उचलत होते.

कावसजी दावर यांनी 1854 साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढच्या काही दशकांत गिरण्या वाढल्या, तशी बदलीवाल्यांची पद्धतही रुजली. पाळीच्या भोंग्याआधी माणसं दारात येऊन उभी राहत. कायम कामगारांपैकी कोण आजारी आहे, कोण गावी गेलंय, हे पाहून जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, दारातल्यांतून हवे तितके उचली. ज्याला घेतलं त्याला त्या दिवसाचा पगार, उरलेल्यांनी चाळीत परतायचं आणि उद्या पुन्हा यायचं. निवड जॉबरच्या मर्जीवर, म्हणून त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे. मालकांच्या संघटनेने 1935 साली बदली कामगारांना कार्डं देऊन या कारभाराला थोडी शिस्त आणली, पण कार्ड हातात असलं म्हणजे काम मिळेलच असं नव्हतं. सुताला मागणी असली की दारातली माणसं आत यायची, बाजार पडला की ती बाहेरच राहायची. मालकाला त्यांना पोसावं लागत नव्हतं.

मग त्यांना पोसलं कोणी? रत्नागिरी आणि साताऱ्याच्या गावांनी, जिथे म्हातारे आईबाप आणि बायको तुटपुंजी शेती सांभाळत होते. गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या गाळ्यांनी, जिथे पाळीपाळीने झोपायला वळकटीपुरती जागा मिळे. महिनाअखेरीपर्यंत उधारीवर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांनी. गिरणगावच्या आर्थिक इतिहासात या बायकांना फार थोडी जागा मिळाली आहे, हे मला अन्यायाचं वाटतं. गिरणीतल्या बायकांचंही तेच झालं. रिळं आणि बॉबिन भरण्याच्या खात्यांत नायकिणीच्या, म्हणजे बाई मुकादमाच्या, हाताखाली त्या मोठ्या संख्येने होत्या. 1929 च्या बाळंतपणाच्या कायद्याने मालकांवर भत्त्याचा भार टाकला, पुढे यंत्रांची फेररचना झाली, आणि त्यांची संख्या घटत गेली. त्यांचा संप झाला नाही, म्हणून त्यांच्या बेकारीला तारीखही नाही.

यावर कोणी म्हणेल, जुनं काहीही असो, गिरण्या बंद पाडल्या त्या संपानेच. संप लांबला, तडजोडीची वाट सापडली नाही आणि त्याची किंमत कामगारांनी मोजली, हे मान्य करायलाच हवं. पण भिवंडीचे यंत्रमाग संपाच्या आधीपासून स्वस्तात कापड विणत होते आणि अनेक मालकांनी जुन्या यंत्रांवर वर्षानुवर्षं पैसा घातला नव्हता. शिवाय संपाच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती, हे सहसा विसरलं जातं. दारात उभं राहण्याची पद्धत मोडावी म्हणूनही तो लढा होता. गिरण्या बंद होण्यामागे जमिनीचंही कारण होतं: 1991 च्या शहर विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली. त्यानंतर मोक्याची जागा अडवून बसलेली गिरणी चालू ठेवण्यात मालकाला फारसा रस राहिला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शहराने या माणसांना सामावून घेतलं, मुंबईत काम शोधणाऱ्याला काही ना काही मिळतंच. मिळतं, पण काय? कायम कामगाराला महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी आणि युनियन होती. पुढे अनेकांच्या वाट्याला वॉचमनची बारा तासांची पाळी, फुटपाथवरची भाजी नाहीतर घरी आणलेलं नगावरच्या मजुरीचं काम आलं. सरकारी पाहणीच्या साप्ताहिक निकषानुसार आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. त्या मोजणीत दारात उभा राहून आठवड्यातून दोनदा आत घेतलेला बदलीवालाही कामावरच ठरला असता, आणि आजही तो निकष लावून शहरी बेकारीचे आकडे दिले जातात.