गुरुवारची सुट्टी आणि कोपऱ्यावरची डीपी



मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीने. आपल्या पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात मात्र पुष्कळ कारखाने रविवारी चालू असतात आणि गुरुवारी बंद. यात दत्तगुरूंचा काही संबंध नाही. वीज सर्वांना एकाच वेळी पुरेना, म्हणून निरनिराळ्या भागांना निरनिराळे वार वाटून देण्यात आले आणि आपल्या वाट्यास गुरुवार आला. कामगाराच्या घरचा सुट्टीचा वार ठरविण्याइतकी वीज आपल्या संसारात शिरली आहे. मग ती खात्रीने मिळू लागली ती कोणत्या शोधामुळे, हे आपणास ठाऊक असावयास हवे. माझ्या मते तो मान कोपऱ्यावरच्या डीपीचा, म्हणजेच रोहित्राचा आहे.

रोहित्राचे मूळ तत्त्व १८३१ साली मायकेल फॅरेडे याने दाखविले. हा लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधावयास आलेली पुस्तके वाचून शिकलेला. लोखंडाच्या एका कड्यावर त्याने तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकातील प्रवाह चालू किंवा बंद केला की दुसऱ्यात क्षणभर प्रवाह उमटे. परंतु या कड्याचा व्यवहारात उपयोग होण्यास पन्नास वर्षे लागली.

१८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कमध्ये वीजकेंद्र काढले, पण त्याची वीज मैलभराच्या पलीकडे परवडत नसे. तार तापून वीज वाया जाई. यावर उपाय एकच होता. विजेचा दाब दसपट वाढविला तर प्रवाह दहावा हिस्सा पुरतो आणि तारेतील नुकसान शंभराव्या हिश्श्यावर येते. म्हणजे वाटेत दाब चढवावयाचा आणि घराशी उतरवावयाचा. हे काम गोलार व गिब्ज या जोडीने करून दाखविले. पण त्यांनी आपली यंत्रे एकापुढे एक अशी, माळेसारखी जोडली होती. दिवाळीच्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझते. तसे अगदीच नव्हे, तरी एका गिऱ्हाइकाने दिवे मालवले की दुसऱ्याकडचे कमी-जास्त होत.

ही अडचण १८८५ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी व डेरी या तिघा इंजिनियरांनी सोडविली. त्यांनी लोखंडाचा गाभा बंद कड्यासारखा केला आणि रोहित्रे मुख्य तारांवर समांतर जोडली. आता प्रत्येकाची जोडणी स्वतंत्र झाली. शेजाऱ्याने दिवा लावो वा विझवो, आपल्या दिव्याला धक्का नाही. विजेच्या पुरवठ्यातील खात्री म्हणतात ती येथे जन्मली.

तीस वर्षांत हे ज्ञान आपल्या घाटमाथ्यावर आले. वळवण धरणाचा पायाचा दगड ८ फेब्रुवारी १९११ रोजी बसला आणि बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ रोजी, टाटांचे खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. इंद्रायणीच्या खोऱ्यातून आपल्याकडे येणारे पाणी अडवून सुमारे १,७०० फूट खाली कोकणात सोडले, आणि रोहित्राने दाब एक लाख व्होल्टपर्यंत चढवून वीज सुमारे ४३ मैलांवर परळला नेली. कोळशाच्या वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांना आता पाण्याची शक्ती मिळू लागली.

मुंबईची भूक वाढली तशी नजर मुळशीकडे वळली. मुळा नदीवर धरण बांधावयाचे ठरले आणि मावळातील गावांची भातखाचरे पाण्याखाली जाणार हे दिसू लागले. १९२१ साली सेनापती बापट यांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला. तरी धरण झालेच. १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. गिरणीला विजेची खात्री मिळाली. मावळ्याच्या पिढीजात शेताची खात्री त्याच पाण्यात बुडाली. मी विजेचा विरोधक नाही. कारखाने बंद पडले तर माझ्या माणसांच्या चुली बंद पडतील, हे मला कोणी शिकवावयास नको. परंतु जमाखर्च लिहावयाचा तर दोन्ही बाजूंचा लिहावा. बुडापेस्टच्या तिघांनी एकाच्या दिव्यासाठी दुसऱ्याचा दिवा मंद होऊ नये अशी जोडणी शोधली. ती तारेपुरती साधली. माणसांत साधावयाची राहिली आहे.

आणखी एक. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात तीही आपल्याकडे बहुधा गुरुवारीच. आपण घरी पंखा बंद म्हणून कुरकुरत असतो, तेव्हा बाहेर उन्हात वायरमन खांबावर चढलेला असतो. कोणी चुकून खटका ओढला तर त्याच्या जिवावर बेतते. पुष्कळदा तो कंत्राटी असतो आणि त्याचे नावही आपल्याला माहीत नसते. येत्या गुरुवारी तो गल्लीत दिसला तर त्याला पाणी विचारा आणि नावही विचारा. फॅरेडेपासून चालत आलेली ही साखळी अखेर त्याच्या हातमोज्यावर येऊन टेकते.