स्वतःच्या नावाने बोलण्याचा हक्क

इतिहास म्हणजे लढाया आणि तह यांची जंत्री, असा समज आपल्याकडे अजून पुरता मावळलेला नाही. परंतु ज्या काळात कोट्यवधी लोक परक्या देशाची ओळख पडद्यावरून करून घेतात, त्या काळात त्या देशाची गोष्ट कोणी सांगितली, हाही इतिहासाचाच प्रश्न होऊन बसतो. व्हिएतनामच्या बाबतीत तो विशेष तीव्र आहे. म्हणून आज आम्ही सेनापती किंवा मुत्सद्दी न निवडता एका नटाचे चरित्र आपल्यापुढे मांडीत आहोत. हा नट पुढे दिग्दर्शक झाला. त्याचे नाव डस्टिन न्गुयेन.

आधी पार्श्वभूमी पाहू. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले आणि युद्ध संपले. पुढच्या दहाबारा वर्षांत अमेरिकेने या युद्धावर मोठमोठे चित्रपट काढले. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) आणि ‘प्लॅटून’ (१९८६) यांचे चित्रण फिलिपीन्समध्ये झाले. ‘फुल मेटल जॅकेट’साठी (१९८७) तर इंग्लंडमधील गॅसच्या एका पडीक कारखान्याला व्हिएतनामी शहराचे रूप देण्यात आले. भूमी परकी, नेपथ्य परके आणि दुःख मुख्यतः अमेरिकन शिपायाचे! ज्याच्या देशात हे सारे घडले तो व्हिएतनामी माणूस या चित्रांत कुठे झाडीत दडलेला, कुठे पळणारा, कुठे मरून पडलेला दिसतो. बोलताना क्वचितच दिसतो. व्हिएतनामला स्वतःचा चित्रपट नव्हता असे मात्र नव्हे. उत्तरेत १९५३ सालीच हो चि मिन्ह यांच्या हुकमाने चित्रपटसंस्था स्थापन झाली होती, आणि १९५९ साली तेथे पहिला कथापटही निघाला. पण जगाच्या बाजारात त्या आवाजाला विचारतो कोण?

डस्टिनचा जन्म १९६२ सालचा, सायगावचा. मूळ नाव न्गुयेन शुआन त्री. आईवडील दोघेही कलावंत. वडील शुआन फात हे विनोदी नट म्हणून ओळखले जात. शहर पडले तेव्हा हा मुलगा बारा वर्षांचा होता. ग्वाम बेटावरची छावणी, मग आर्कान्सामधली छावणी, मग मिसुरी राज्यातले एक गाव, असा त्या कुटुंबाचा प्रवास झाला. ज्या घराला आपल्या गावात लोक नावाने ओळखत होते, ते घर परमुलखात निर्वासितांच्या यादीतले एक झाले.

मुलगा नट झाला खरा, पण त्याला भूमिका कोणत्या मिळाव्यात? १९८५ साली ‘मॅग्नम, पी. आय.’ या मालिकेत तो कंबोडियन झाला. १९८७ साली सुरू झालेल्या ‘ट्वेंटीवन जंप स्ट्रीट’ या मालिकेने त्याला कीर्ती दिली. तीत जॉनी डेप याच्याबरोबर तो तरुण पोलीस होता. पण पात्राचे नाव हॅरी ट्रुमन इओकी, म्हणजे जपानी वंशाचा अमेरिकन! ज्या अध्यक्षाच्या हुकमाने हिरोशिमावर बाँब पडला, त्याचेच नाव या जपानी पात्राला. पुढे त्याच वर्षी ‘ख्रिसमस इन सायगाव’ या भागात उघड झाले की, हा इओकी जपानी नव्हेच. तो सायगावहून निसटलेला आणि दुसऱ्याचे नाव घेऊन जगणारा व्हिएतनामी मुलगा आहे. नट आणि पात्र यांचे दैव इतके जुळावे, हे दृश्य विरळाच. पडद्यावर खरे नाव सांगण्याकरता आधी खोटे नाव घ्यावे लागले!

१९९३ साली ऑलिव्हर स्टोनच्या ‘हेवन अँड अर्थ’मध्ये त्याने व्हिएतनामी माणूस उभा केला, तेही चित्रण मुख्यतः थायलंडमध्ये झाले. पुढे दिवस पालटले. व्हिएतनामने १९८६ पासून आर्थिक धोरण सैल केले, १९९५ साली अमेरिकेशी राजनैतिक संबंध जुळले, आणि २००० नंतर खाजगी चित्रनिर्मितीला वाव मिळाला. अमेरिकेत वाढलेली व्हिएतनामी मुले कॅमेरा घेऊन परतू लागली. चार्ली न्गुयेन आणि जॉनी त्री न्गुयेन या बंधूंच्या ‘वीरांचे रक्त’ (२००७) या चित्रपटात डस्टिन होता. काळ १९२२, राज्य फ्रेंचांचे. आणि डस्टिनच्या वाट्याला आला देशभक्तांचा पाठलाग करणारा सरकारी अधिकारी. मायदेशी परतला तो खलनायक होऊन! नंतर ‘अंत नसलेली शेते’ (२०१०) या न्गुयेन न्गोक तू यांच्या कथेवरील चित्रपटात तो मेकाँगच्या पाण्यावर बदके घेऊन भटकणारा कडवट बाप झाला.

आता मुख्य मुद्दा. दिग्दर्शनाची सूत्रे हाती आल्यावर या माणसाने युद्धाचा, पलायनाचा, आपल्या दुःखाचा चित्रपट काढावा, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. त्याने तसे केले नाही. ‘बुद्धाचा अग्नी’ (२०१३) ही काल्पनिक मुलखातील अद्भुत मारामारीची कथा आहे. ‘सोडत लागली’ (२०१५) तर एका लॉटरीच्या तिकिटावर रचली आहे. गरीब विक्रेती उधारीवर तिकीट देते. त्यालाच मोठे बक्षीस लागते. आणि ती ते प्रामाणिकपणे गिऱ्हाइकाला देते. त्या वर्षी ऑस्करच्या स्पर्धेसाठी व्हिएतनामने हाच चित्रपट धाडला. नामांकन मिळाले नाही.

आमच्या मते या निवडीतच त्याच्या चरित्राचा अर्थ आहे. ज्याची गोष्ट नेहमी इतरांनी सांगितली, त्याला आपली जखम दाखवण्याचा हक्क तर हवाच. पण ती न दाखवण्याचाही हक्क हवा. बोळातली उधारी, शेजाऱ्यांचा हेवा, गरिबाची नेकी यांविषयी निर्धास्तपणे बोलता येणे, हे स्वतंत्र माणसाचे लक्षण आहे. जगाने ज्या देशाला केवळ युद्ध म्हणून ओळखले, त्या देशातही लोक तिकिटे विकतात आणि दिलेला शब्द पाळतात, हे सांगणे लहान काम नव्हे.

त्याचा लढा संपला असे मात्र म्हणवत नाही. दिग्दर्शक झाल्यानंतर, २०१९ साली, ‘वॉरियर’ या अमेरिकन मालिकेत त्याच्याकडे भूमिका आली ती एका चिनी टोळीनायकाची. पडद्यावरचे नाव पुन्हा परकेच. परंतु आता त्याच्या गाठीशी स्वतः सांगितलेल्या गोष्टी आहेत, आणि त्या त्याच्याच भाषेत आहेत.