सोलापूरची एक मैफल

थोर गायकाला आपण प्रत्यक्ष ऐकले, ही आठवण माणसे दागिन्यासारखी जपतात. सणासुदीचे दिवस, दाटीवाटीने बसलेली मंडळी, तंबोऱ्याचे सूर, आणि ज्याचे केवळ नाव ऐकले होते तो समोर बसलेला. पुढे नातवंडांना सांगताना कोणता राग, कोणती चीज हे विसरले जाते. 'आम्ही तेथे होतो' एवढे मात्र उरते. सोलापूर शहराच्या वाट्याला अशी एक रात्र १९३८ साली आली. त्या रात्री श्रोते एका गायकाला ऐकावयास आले आणि दोघांना ऐकून गेले. त्या दुसऱ्या गळ्याचे मोल तेव्हा कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. म्हणूनच ती मैफल आम्हांला आज आठवावीशी वाटते.

तारीख होती ९ सप्टेंबर, वार शुक्रवार. पंचांगाप्रमाणे ती भाद्रपद पौर्णिमा. गणेशोत्सव नुकताच सरला होता. सोलापूर हे गिरण्यांच्या भोंग्यावर जागे होणारे गाव. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा तेथे एकाच रस्त्यावर कानी पडत. १९३० साली या गावाने लष्करी कायदा अनुभवला होता, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी आपले चार सुपुत्र येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेलेले पाहिले होते. अशा कष्टाळू गावाला संगीत नाटकाचे मोठे वेड होते. नाटक मंडळ्या मुंबई-पुण्याइतक्याच आस्थेने सोलापूरचा मुक्काम करीत, कारण तेथे दाद मनमोकळी मिळे.

त्या रात्रीचे गायक होते मास्टर दीनानाथ मंगेशकर. २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातील मंगेशी येथे जन्मलेले दीनानाथ कोवळ्या वयातच किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले, आणि १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी 'बलवंत संगीत मंडळी' उभारली. 'भावबंधन', 'रणदुंदुभी', 'संन्यस्त खड्ग' या नाटकांनी त्यांचे नाव महाराष्ट्रभर केले. त्यांचा आवाज चढा, पल्लेदार आणि निर्भय होता. विजेसारखी लखलखणारी तान, पंजाबी ढंगाच्या हरकती आणि अनवट रागांची आवड यांमुळे त्यांचे गाणे दुसऱ्या कोणाचे वाटत नसे. बालगंधर्वांच्या मोहिनीच्या काळातही त्यांनी स्वतःचा वेगळा श्रोता घडविला, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु १९३८ पर्यंत दिवस पालटले होते. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला आणि प्रेक्षकांची पावले चित्रपटगृहांकडे वळू लागली. बलवंत मंडळीनेही चित्रपटात हात घातला. १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' काढला. तो व्यवहार आतबट्ट्याचा ठरला आणि मंडळी त्या धक्क्यातून सावरली नाही. म्हणजे सोलापूरकरांसमोर बसलेला कलावंत वैभवाच्या शिखरावर नव्हता. ऐश्वर्य ओसरले होते, गळा मात्र आपला होता. तरीही लोक आले, हे सोलापूरकरांच्या रसिकतेचे प्रमाण होय.

कार्यक्रम ठरल्याचे कळताच घरातील थोरल्या मुलीने हट्ट धरला की बाबांबरोबर आपणही गाणार. ती नऊ वर्षांची व्हावयास अद्याप एकोणीस दिवस अवकाश होता. कोणता राग गाशील, असे वडिलांनी विचारले. तिने सांगितले, खंबावती. आणि शिवाय वडिलांचीच नाट्यगीते. खंबावती हा खमाज थाटातील, मैफलीत क्वचितच ऐकू येणारा राग. लहान मुलीने तो निवडावा यावरून घरात कोणती शिकवण चालू होती याची कल्पना येते. त्याआधी काही वर्षांपूर्वी दीनानाथांचा एक शिष्य पूरिया धनाश्री घोळवीत असता या मुलीने त्याची चूक दुरुस्त केली होती. ते कानावर पडताच वडिलांनी तिला समोर बसविले व शिकवावयास आरंभ केला. मुलीचे नाव लता.

जाहिरातीसाठी बापलेकीचे छायाचित्रही काढण्यात आले. मुलगी आधी गायली. लोकांनी कौतुक केले. मग वडिलांचे गाणे सुरू झाले, रात्र चढत गेली, आणि ती लहानगी रंगमंचावरच वडिलांच्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेली. वडील गात राहिले. हा प्रसंग स्वतः लताबाईंनी पुढे सांगितला आहे.

साडेतीन वर्षांनी, २४ एप्रिल १९४२ रोजी, दीनानाथ पुण्यात निवर्तले. वय अवघे एक्केचाळीस. ज्या चित्रपटाने वडिलांची नाटक मंडळी गिळली, त्याच चित्रपटाच्या दारात तेराव्या वर्षात असलेल्या मुलीला पाच भावंडांत थोरली म्हणून पोटासाठी उभे राहावे लागले. १९४९ साली 'महल' आला आणि तो आवाज देशाच्या घरांघरांत पोहोचला. २७ जानेवारी १९६३ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी, दिल्लीत पंतप्रधान नेहरूंसमोर ती गायली. १९७४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायली.

आमच्या वाचकांना आणखी एक धागा जवळचा वाटेल. मंगेशीच्या देवळाने जसे दीनानाथ दिले, तसे गोव्याच्या चर्चमधील संगीतशाळांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला वादक आणि संयोजक दिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकी एक. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याच्या ध्यासाने त्यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा केला. त्या मैफलीत गावयास होत्या लता मंगेशकर आणि मन्ना डे. एकाच भूमीतून निघालेले दोन प्रवाह त्या संध्याकाळी भेटले. खंबावती गाणाऱ्या मुलीची वाट येथवर आली होती.

९ सप्टेंबर २०२१ रोजी लताबाईंनी समाजमाध्यमावर ते जुने छायाचित्र प्रसिद्ध करून त्या मैफलीचे स्मरण केले. गाता गाता त्र्याऐंशी वर्षे झाली यावर विश्वास बसत नाही, असा त्यांचा भाव होता. त्यानंतर पाच महिन्यांच्या आतच, ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, त्यांचे निधन झाले. पहिल्या मैफलीचे गाव त्या विसरल्या नव्हत्या.

इतिहास गाणाऱ्यांची नावे लिहितो, ऐकणाऱ्यांची लिहीत नाही. तथापि त्या रात्री सोलापूरकरांनी कंटाळून पाठ फिरविली असती, 'मुलीला आवरा, मास्तरांना बसवा' असे कोणी ओरडले असते, तर कोवळ्या मनावर काय ओरखडा उठला असता? त्यांनी तसे केले नाही. नामवंताची वाट पाहत असतानाही त्यांनी एका अनोळखी बालिकेला तिचा वेळ दिला. नाताळ असो वा गणेशोत्सव, आपल्याही सणांच्या कार्यक्रमांत मुख्य पाहुण्यापूर्वी एखादे मूल भीतभीत गावयास उभे राहते, आणि आपण मात्र शेजाऱ्याशी गप्पा मारीत असतो. त्या वेळी सोलापूरची ती रात्र आठवावी, गप्पा थांबवाव्यात आणि त्या मुलाचे गाणे शेवटपर्यंत ऐकावे.