पाळीव सशाचे आरोग्य: गाजर नव्हे, गवत

ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. दुबळा दिसला तर शत्रूच्या नजरेत भरतो, म्हणून आजार लपविणे त्याच्या स्वभावातच असते. तो ओरडत नाही, कण्हत नाही. फक्त कोपऱ्यात बसून राहतो आणि खाणे सोडतो. त्यामुळे सशाने किती खाल्ले व किती लेंड्या टाकल्या, हे रोज पाहणे हाच त्याच्या आरोग्याचा पाया ठरतो.

माण, खटाव, जत, आटपाडीच्या माळरानांवर दिसणारा ससा आणि घरात पाळला जाणारा ससा या दोन भिन्न जाती आहेत. माळावरच्या सशाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण असून तो पकडणे वा पाळणे गुन्हा आहे. त्याची पिले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. पाळीव ससा मूळचा युरोपातील, बिळात राहणाऱ्या रानसशाचा वंशज. त्याची पिले उघडी व डोळे मिटलेली जन्मतात. उकरण्याची हौस, सोबतीची गरज आणि उन्हाचा तिटकारा हे सारे त्या बिळातूनच आले आहे.

आहार

सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला साधारण २ मिलिमीटर. ते झिजण्यासाठी आणि आतडे चालू राहण्यासाठी त्याला दिवसभर तंतुमय गवत चघळावे लागते. आहाराचा सुमारे ८० टक्के भाग सुके वा हिरवे गवत असावा. हरळी, मारवेल, पवना यांसारखी गवते चालतात. लसूणघासात चुना (कॅल्शियम) जास्त असल्याने ती वाढत्या पिलांना ठीक. प्रौढ सशाला मात्र क्वचितच द्यावी. तासगाव-मिरज भागातील द्राक्षबागांच्या आणि उसाच्या बांधावरचे गवत आणताना विशेष काळजी घ्यावी. तेथे कीटकनाशके, बुरशीनाशके वा तणनाशके फवारलेली असू शकतात.

कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा व गाजराचा पाला धुऊन, निथळून थोडा थोडा द्यावा. गोळीखाद्य वजनाच्या किलोमागे सुमारे २५ ग्रॅम पुरे. गाजर, सफरचंद, स्ट्रॉबेरी हा खाऊ आहे, जेवण नव्हे. एखादी छोटी फोड पुरते. सांगलीच्या घरोघरी असणारा बेदाणा मुले हौसेने सशापुढे धरतात, परंतु त्यातील साखरेने आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचा समतोल बिघडतो. पोळी, भात, बिस्किटे, चॉकलेट, कांदा, लसूण, कच्चा बटाटा देऊ नये. स्वच्छ पाणी सतत समोर असावे. ससा रात्री वा पहाटे मऊ, चकचकीत विष्ठा थेट खातो. ते पचनाचेच अंग असल्याने त्यास रोखू नये.

ऊन आणि पाऊस

सशाला घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तापमान ३० अंशांच्या पुढे गेले की धोका सुरू होतो, आणि सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा त्याहून बराच वर असतो. पत्र्याच्या छपराखाली वा गच्चीवर पिंजरा ठेवणे प्राणघातक ठरू शकते. फरशीची थंड, हवेशीर खोली निवडावी. पाण्याची गोठविलेली बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी. तोंड उघडून श्वास, लाळ, तापलेले कान, लोळागोळा झालेले शरीर ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी कानांना साध्या पाण्याचा हात लावीत तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

साताऱ्याच्या पश्चिम भागात पावसाळा दीर्घ असतो. दमट हवेत साठविलेल्या गवतास बुरशी लागते. असे गवत टाकून द्यावे. ओल्या, मळलेल्या शेपटीखाली माशा अंडी घालतात व अळ्या कातडी पोखरतात. पावसाळ्यात ती जागा दिवसातून दोनदा तपासावी. कृष्णाकाठच्या घरांना २००५, २०१९ व २०२१ मध्ये पुराचा अनुभव आला. तेथे वाहून नेण्याची टोपली व आठवड्याचे गवत तयार असणे शहाणपणाचे.

वर्तन

जागेवर उडी मारून अंग पिळणे आनंदाचे, मागचा पाय आपटणे भीतीचे, तर दात करकर वाजवीत आक्रसून बसणे वेदनेचे लक्षण. ससा कानांना धरून उचलू नये. छातीखाली एक व मागच्या पायांखाली दुसरा हात असावा. झटक्याने पाय झाडल्यास त्याचा कणा मोडतो. तळाला उघडी जाळी असलेल्या पिंजऱ्यात पायांना जखमा होतात. रोज तीन-चार तास तरी मोकळे फिरू द्यावे. त्यास आंघोळ घालू नये.

नर-मादीची जोडी घेताना विचार करावा. चार-सहा महिन्यांत ससे वयात येतात आणि गर्भकाळ अवघा महिनाभराचा असतो. नसबंदीने हा प्रश्न सुटतो. शिवाय वाढत्या वयाच्या माद्यांत आढळणारा गर्भाशयाचा कर्करोगही टळतो.

डॉक्टरांकडे केव्हा?

बारा तास खाणे वा लेंड्या बंद असल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आतड्याची हालचाल थांबलेला ससा दिवसभरात दगावू शकतो. नाक वाहणे, मान वाकडी होणे, नाक-कानांवर खरजेच्या खपल्या हीदेखील उपचाराची कारणे होत. घरातील औषधे मात्र देऊ नयेत. अॅमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविके तोंडाने दिल्यास आणि कुत्र्यांसाठीचे फिप्रोनिल अंगावर टाकल्यास ससा मरू शकतो.

सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्याहून ते तासाभरावर असले, तरी सांगलीहून बरेच दूर पडते. आपल्या गावात सशांवर उपचार करणारे पशुवैद्यक कोण, याची चौकशी ससा घरी आणण्यापूर्वीच करावी.

नीट सांभाळलेला ससा आठ ते दहा वर्षे जगतो. मुलांच्या हट्टापायी आणलेला आणि हौस फिटल्यावर माळावर सोडलेला ससा मात्र कुत्र्यांच्या तावडीतून क्वचितच वाचतो. रानातला ससा तो कधीच नव्हता.