तोफ वितळली, छिन्नीचे काय?

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) किर्लोस्करवाडीच्या नांगराच्या कारखान्याला बीड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, पण ती ओतकामाची आहे. छिन्नी बोथट झाली म्हणून कोणी वितळवत नाही. तिचा गुण नुसत्या धातूत नसतो. ती कशी तापवली आणि कशी निववली, यात असतो.

पुढे उसाच्या मळ्यांवर तेलाची इंजिने आली, त्यांच्या दुरुस्तीची वर्कशॉपे वाढली, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर उभे राहिले. इंजिन दुरुस्त करणाऱ्याला आधी हत्यार दुरुस्त करावे लागते. झिजलेली छिन्नी भट्टीत लाल करून ठोकायची, पुन्हा लाल करून फक्त टोक पाण्यात बुडवायचे. मग टोक दगडावर घासून चकचकीत केले, की मागच्या भागातली उष्णता पुढे सरकते आणि रंग धावू लागतात : फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. जांभळा टोकाशी पोचला, की सगळी छिन्नी पाण्यात. यालाच ‘पाणी देणे’ म्हणतात. रंग येतात ते ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, साबणाच्या फुग्यावर येतात तसे. पिवळा सुमारे २३० अंश सेल्सिअसला, निळा ३०० च्या आसपास. कारागिरांचा हा तापमापक फार जुना. पोलादाचा गुण कार्बनमुळे येतो, हे बर्थोले, मोंझ आणि वांदरमोंद या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मांडले ते १७८६ मध्ये.

विजेच्या ग्राइंडरने काम सोपे केले, तसा धोकाही आणला. पिवळ्यावर थांबवलेली सुताराची पटाशी चाकावर दाबून धरली, की क्षणात कडा निळी पडते. धार दिसते छान, पण टिकत नाही. निळा भाग सावकाश, पाण्यात बुडवत घासून काढण्यावाचून इलाज नाही. आमच्या मते शाळेच्या कार्यशाळेत धार लावण्याआधी हे शिकवावे.

वर्गात तीन शिवणाच्या सुया पुरतात. तिन्ही चिमट्यात धरून लाल करा. एक हवेत सावकाश निवू द्या : ती वाकेल. दुसरी लाल असतानाच पाण्यात टाका : वाकवताच कट्‌कन मोडेल, तेव्हा डोळे सांभाळा. तिसरीही तशीच विझवा, पण मग घासून निळी होईपर्यंत हळूच तापवा. ती वाकेल आणि सोडली की सरळ होईल.