उरणचे मीठ

मराठीत ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ म्हणतात, उर्दूत ‘नमकहलाली’. माणसाचे इमान तोलायला दोन्ही भाषांना मीठच आठवले. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक हे दोन्ही शब्द वर्गात शिकवतो. पण इतिहासाच्या तासाला मिठाची गोष्ट ६ एप्रिल १९३० रोजी दांडीला सुरू होते आणि तिथेच संपते. मीठ पिकवणाऱ्या गावांचे काय?

रायगड जिल्ह्यातील उरण हे असेच एक गाव. मुंबई बंदरासमोरच्या या किनाऱ्यावर खाजणात बांध घालून मिठागरे उभी राहिली. पावसाळा सरला की बांधबंदिस्ती सुरू व्हायची. भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, एका खणातून दुसऱ्या खणात खेळवत उन्हाने दाट करायचे आणि शेवटी उथळ वाफ्यांत मीठ धरू द्यायचे. ते ओढून काठावर राशी लावायच्या. पावसाची पहिली सर येण्याआधी रास झाकली नाही, तर सारा हंगाम वाहून जायचा. या कष्टांचे मानकरी मुख्यतः आगरी बांधव. ‘आगर’ या शब्दावरूनच त्यांच्या जातीचे नाव पडले, असे मानतात. याच मिठाने कोळणींनी मासळी खारवली. कोकणी मुसलमान तर पिढ्यान्‌पिढ्या तांडेल आणि खलाशी. मचव्यांतून माल मुंबईला पोचवणारा हा किनारा त्यांचाही होता. बंधुभाव इथे व्यासपीठावरून शिकवावा लागला नाही, रोजीरोटीनेच तो शिकवला.

इंग्रजांनी १८८२च्या कायद्याने मिठावरची पकड घट्ट केली. तिच्याविरुद्धच्या लढ्यात आपलीही माणसे पुढे होती. गांधीजींच्या अटकेनंतर धारासना सत्याग्रहाचे नेतृत्व बडोद्याचे निवृत्त न्यायाधीश अब्बास तय्यबजी यांच्याकडे आले. त्यांनाही अटक झाली. २१ मे १९३० रोजी सरोजिनी नायडूंसोबत तिथे वृद्ध इमामसाहेब अब्दुल कादिर बावझीर उभे होते. आणि अखेर १९४७ साली मिठावरचा कर रद्द करणारा अर्थसंकल्प मांडला तो हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी. फाळणीच्या कडवट आठवणींत ही गोष्ट हरवून गेली.

कर गेला, पण पुढे मिठागरेही गेली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. सातबाऱ्यावर नाव असलेल्याला निदान मोबदल्यासाठी भांडता आले. वाफ्यात उभे राहून ज्याचे पाय खारावले, त्याने कोणता कागद दाखवायचा?

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, रेल्वेही उरणपर्यंत पोचली. प्रगतीला आमचा विरोध नाही. पण खाजण, उघाडी, वाफा हे शब्द जाणणारी पिढी आता थकली आहे. आगरी पाड्यात, कोळीवाड्यात, मोहल्ल्यात आज जे वृद्ध आहेत, त्यांच्याकडून हा इतिहास मराठीत आणि उर्दूतही उतरवून घ्यायला हवा. आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती वह्या आहेत. सुरुवात तिथूनच करू या.