स्टालिनग्राड आणि चिमूर: एकाच कॅलेंडरवरचं युद्ध

'दुसऱ्या महायुद्धावर काम करायचंय, पण मी तर नागपुरात. लंडनच्या अर्काइव्हमध्ये कोण पाठवणार मला?' पेट दिलेल्या, विषय शोधत असलेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला बरेचदा येतो. मी बेसात राहते. इथून उमरेडच्या बाजूला निघालं की शंभरेक किलोमीटरवर चिमूर आहे, आणि वर्धा रोडने गेलं की सेवाग्राम. या दोन गावांमध्ये १९४२ मध्ये जे झालं, तो महायुद्धाचाच भाग आहे. फक्त आपल्या अभ्यासक्रमात ते दुसऱ्या धड्यात टाकलंय.

गडबड तिथूनच सुरू होते. 'दुसरे महायुद्ध' हा एक धडा, त्यात हिटलर, पर्ल हार्बर, स्टालिनग्राड. 'छोडो भारत' हा दुसरा धडा, त्यात गवालिया टँक आणि हुतात्मे. दोन धड्यांच्या मधे जणू भिंत आहे. तुम्ही एक करा: वहीच्या एका पानावर दोन रकाने आखा. एकीकडे जगाच्या तारखा, दुसरीकडे मध्य प्रांत-वऱ्हाडच्या. प्रबंधाचं पहिलं प्रकरण अर्धं तिथेच सुचतं.

आधी दोस्त राष्ट्रांची आघाडी बघू. १४ ऑगस्ट १९४१ ला रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद जाहीर केली. आपलं सरकार कसं असावं हे प्रत्येक जनतेने ठरवावं, असं त्यात होतं. महिनाभरात, सप्टेंबरमध्ये, चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये स्पष्ट केलं की हे नाझींच्या ताब्यातल्या युरोपबद्दल आहे, हिंदुस्थानचा प्रश्न वेगळा. तरी १ जानेवारी १९४२ ला २६ देशांनी 'संयुक्त राष्ट्रां'च्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यात हिंदुस्थानची सही आहे! स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या देशांच्या यादीत आपलं नाव आहे, आणि त्याच वेळी नागपुरात निवडलेलं सरकारसुद्धा नाही. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यापासून इथला कारभार गव्हर्नरच्या हाती होता. १९४२ मध्ये गव्हर्नर होते सर हेन्री ट्वायनम.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि युद्ध दारात आलं. ८ ऑगस्टला मुंबईत ठराव झाला, ९ तारखेच्या पहाटे पुढारी उचलले गेले. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरमध्ये मिरवणूक निघाली. गोळीबार झाला, त्यात बालाजी रायपूरकर हा पोरगा गेला. जमाव खवळला. डाक बंगला जळाला, उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे आणि त्यांच्यासोबतचे आणखी दोघे मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला पोलीस ठाण्यावर असंच झालं, दोन्ही बाजूंची माणसं मेली. मारले गेलेले हे अधिकारीही याच मुलखात नोकरी करणारी, घरदार असलेली माणसं होती. हुतात्म्यांच्या यादीसोबत त्यांची नावंही प्रबंधात यायला हवीत असं माझं मत आहे. काही जणांना हे आवडत नाही, चालेल.

१९ ऑगस्टला चिमूरमध्ये फौज शिरली. गावातले पुरुष सरसकट पकडले, सामुदायिक दंड बसवला. आणि गावातल्या बायकांनी सांगितलं की शिपाई घरात घुसले, लूट केली, बलात्कार केले. नागपूरहून काही स्त्रिया तिथे गेल्या, त्यांनी या बायकांशी बोलून माहिती जमवली. डॉ. बा. शि. मुंजेही जाऊन आले. म्हणजे काँग्रेसवाल्यांनी रचलेली गोष्ट म्हणून झटकून टाकायचीही सोय नव्हती, मुंजे तर हिंदू महासभेचे! सरकारने चौकशी नाकारली.

आता रकाना बदला. चिमूरनंतर आठवडाभरात, २३ ऑगस्टला, जर्मन विमानांनी स्टालिनग्राड भाजून काढलं. ३१ ऑगस्टला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी चर्चिलना तार केली. त्यातला आशय असा: १८५७ नंतरचा सर्वांत गंभीर उठाव मी हाताळतोय, आणि त्याचं गांभीर्य नि व्याप्ती लष्करी सुरक्षिततेच्या कारणाने आम्ही जगापासून लपवून ठेवली आहे. ही तार शंभर वेळा उद्धृत होते, बहुतेक वेळा १८५७ च्या तुलनेसाठी. मला मात्र तिचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. युद्धामुळे चिमूर घडलं, आणि युद्धामुळेच ते झाकता आलं.

झाकण उघडायला एक विक्षिप्त माणूस लागला. प्रा. जयकृष्ण भन्साळी, गांधीजींच्या आश्रमातले. ते दिल्लीला बापूजी अणे यांच्या दारात गेले. अणे आपले यवतमाळचे लोकनायक, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य. चिमूरची चौकशी करवा, एवढंच मागणं होतं. ते मान्य झालं नाही, भन्साळींना परत पाठवलं. ११ नोव्हेंबर १९४२ ला त्यांनी उपोषण धरलं आणि ते चालत चिमूरकडे निघाले. पुन्हा पकडून आणलं. उपोषण चालू राहिलं, ६३ दिवस.

हे ६३ दिवस रकान्यात मांडा. अल अलामीनला रोमेलचा पराभव नुकताच झालेला. १९ नोव्हेंबरला सोव्हिएत फौजांनी स्टालिनग्राडला उलटा वेढा घालायला घेतला. डिसेंबरात अराकानची मोहीम सुरू. आपण पाठ करतो ती युद्धाची कलाटणी ती हीच. त्याच दिवसांत सेवाग्रामचा हा माणूस उपाशी आहे ही बातमी छापायला सरकारने बंदी घातली.

पुढचा भाग वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांनी नीट वाचा. वर्तमानपत्रांच्या संपादक परिषदेने निषेध ठरवला: सरकारी भाषणं, नववर्षाच्या पदव्यांची यादी छापायची नाही, आणि ६ जानेवारी १९४३ ला एक दिवस अंकच काढायचा नाही. देशभरच्या अनेक पत्रांनी तो पाळला. म्हणजे उद्या मायक्रोफिल्म फिरवताना ५ जानेवारीनंतर एकदम ७ तारीख आली, तर नोंदवहीत पटकन 'अंक गहाळ' लिहू नका. तो अंक निघालाच नसेल. त्या न निघालेल्या अंकात चिमूर आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रावबहादुरांची यादी दिसली नाही, तर तेही तसंच. 'स्रोत नाही' आणि 'स्रोत गप्प बसवलाय' यातला फरक मला पद्धतिशास्त्राच्या कुठल्याही तासापेक्षा या आठवड्याने जास्त शिकवला.

१२ जानेवारीला डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीने उपोषण सुटलं. बातम्यांवरची बंदी उठली. चौकशी झाली नाहीच. फेब्रुवारीत गांधीजींच्या उपोषणावरून अणेंनी राजीनामा दिला.

मग त्या बायकांच्या सांगण्याचं काय करायचं? हा प्रश्न मला दोन वर्षं सतावतोय. 'सिद्ध झालं' लिहिता येत नाही, कारण न्यायालयासमोर ते कधी गेलंच नाही. 'कथित अत्याचार' लिहिलं की ज्याने चौकशी टाळली त्याच्याच बाजूने आपण उभे राहतो. मी सध्या असं लिहिते: बायकांनी हे सांगितलं, या तारखेला, यांच्यापाशी, सरकारने ते तपासायला नकार दिला. नकार हा पुरावा म्हणून नोंदवायचा. आणखी एक, त्या बायकांची नावं छापील अहवालात असली तरी मी प्रबंधात घेत नाही. त्यांची नातवंडं अजून त्याच गावात असू शकतात.

आता गोष्ट सोपी होऊ नये म्हणून, नागपूरच्या दुसऱ्या टोकाला चला. चिमूरच्या महिनाभर आधी, १८ ते २० जुलै १९४२, नागपूरच्या मोहन पार्कवर दलितांची अखिल भारतीय परिषद भरली आणि तिथून शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन उभं राहिलं. त्याच महिन्यात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, म्हणजे अणेंच्याच टेबलावर. नाझींचा पराभव झालाच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, गरज पडली तेव्हा १११ महार पलटण उभारली आणि काम झाल्यावर १९२१ मध्ये मोडली. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली, दुसरी बटालियन आपल्या कामठीत. ज्या वर्दीची चिमूरला दहशत बसली, तीच वर्दी कामठीत एका पोराला पहिल्यांदा बरोबरीने उभं करत होती. दोन्ही अन्याय खरे, दोन्ही या युद्धातले. एकाला प्रकरण आणि दुसऱ्याला तळटीप दिलीत तर मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल, आणि यायलाच हवा.

चिमूर-आष्टीचे खटले विशेष न्यायालयांत चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. अनसूयाबाई काळे यांनी त्या रद्द व्हाव्यात म्हणून वर्षानुवर्षं धडपड केली. उरलेल्यांची फाशी जन्मठेपेत बदलली ती ऑगस्ट १९४५ मध्ये, म्हणजे हिरोशिमाच्या महिन्यात. रकान्यात तेही लिहून ठेवा.